दोन लाल गिटारी

नाही गो फ्लॅविया, हा नाही बसायचा. बघ ना — तू मागवलेल्या ह्या नवीन ट्रेमोलोला दोन खुंट लागतात, आणि तुझ्या पप्पाच्या गिटारीला सहा स्क्रू आहेत, एका ओळीत. म्हणजे काय करायचं? जुनी भोकं बुजवायची, नवीन पाडायची, ती पण सत्त्याहत्तर सालच्या लाकडात. कशाला? एकच गाणं वाजवायचं आहे ना पप्पाला, नॉर्मनला, तुझ्या लग्नात? आणि त्यासाठी चांगल्या बॉडीवर ड्रिल चालवायचं? परत पाठव हा, आजच्या आज पाठव. पप्पाला सांग शिवाकाका म्हणतो — नको, तू काही सांगू नको, मीच फोन करतो त्याला. बस ना. ते स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो, पलंगावर बस.

आता ट्रेमोलो म्हणजे काय? दांडी दाबली की तारा सैल पडतात, सूर खाली येतो, सोडली की परत जागेवर. एवढंच. ती काळी बघ, भिंतीवरची, पोकळ पोटाची — तिला वर एक नळी आहे, तारा त्या नळीला, आणि दांडीखाली एकच जाड स्प्रिंग. ती आपली हळूच डोलते, जास्त मागितलंस तर देणार नाही, पण आहे ते नीट देते. मग ऐंशीनंतर आल्या त्या कुलूपवाल्या — तार दोन्हीकडून जखडलेली, वाटेल तसं ओरबाडा, सूर हलत नाही. पण तार तुटली की बसा बोल्ट पिळत पंधरा मिनिटं. लालबागला गणपतीच्या स्टेजवर पब्लिक थांबतंय होय पंधरा मिनिटं? नाही थांबत, मी बघितलंय. आणि ही तुमची — मागे झाकण, आत स्प्रिंगा, पुढे सहा स्क्रूवर तोललेली. हिला बिचारीला सगळे शिव्या घालतात. का? कारण ती हलते. डोळ्यांना दिसतं ना हलताना, मग सूर बिघडला की हिच्यावरच आळ. चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय — हलणाऱ्यावर एवढ्या लवकर जाऊ नका, आधी बाकीचं तपासा.

थांब, तुला दाखवतोच. हा ट्यूनर लावला. दांडी दाबली — सोडली — हिरवा दिवा. परत दाबली, चांगली खालपर्यंत — सोडली — हिरवा. अजून कसला पुरावा हवा? ह्या ट्रेमोलोला काही झालेलं नाही. कधीच काही झालेलं नव्हतं... मग वरच्या पट्टीत गेल्यावर सूर का चढतो? विचारणारच तू, जेनची मुलगी ना. त्याचं असं आहे की — नेक, ही गिटारीची लांब मान. दुसरं काय असणार? लोक नेककडे बघतच नाहीत. हात दे इकडे, माझी ही घे, ही पण लालच आहे, घाबरू नको, अंगठा मागे ठेव. जाणवतं काही? नाही ना? चांगल्या नेकचं तेच लक्षण, हाताला तो आहे हे कळतच नाही. आता टोकाकडून एक डोळा मिटून बघ — सरळ. इतके पावसाळे गेले, ही खोली नुसती घाम गाळते जूनपासून, पण केसाएवढा हलला नाही. लाकूडच तसं. लॅन्सअंकलने जपानला, कोबेच्या दुकानात दहा गिटारी वाजवून काढला होता हा, म्हणाला हातात घेतल्या घेतल्या मला — काय?

हो. हो, तुमच्या घरात सांगतात तसंच आहे. दहातून निवडली ती नॉर्मनची, पुतण्याची, आणि माझी न वाजवता घेतलेली, खोक्यातली. बोटीवरून दोन घेऊन आला बिचारा, का तर नॉर्मनने चिठ्ठीत लिहिलेलं की शिवाला पण हवी, नाहीतर मला पण नको. मग मी तेच म्हणालो ना? हा म्हणालो? तोंडातून गेलं गो. दोन्ही लाल आहेत, समोर एकत्र ठेवल्या की माझाच गोंधळ होतो. वय झालं.

ते — तो स्क्रूड्रायव्हर ठेव खाली. ठेव म्हणतो ना. कसला फोटो? आतली सही... जेनने सांगितलं असेल. हो, आहे की सही. नेक जिथे बॉडीत बसतो तिथे, बाहेरून दिसत नाही, चार स्क्रू काढले की दिसते. ह्याच टेबलावर उघडल्या होत्या दोन्ही, आतून कशा आहेत बघू म्हणून, तेव्हा लॅन्सअंकलने पेन्सिलीने लिहिलं नॉर्मनच्या नेकवर — नाव, तारीख आणि एक क्रूस. मला म्हणाला, तुझ्यावर तू लिही. मी आपलं शि. प. लिहिलं. त्याचा फोटो तू फ्रेम करून देणार, लग्नाच्या दिवशी? छान आहे. लॅन्सअंकल गेल्यावर नॉर्मनकडे त्याच्या हातचं दुसरं काही नाही, रडेल तो. पण आज नको उघडूया. स्क्रू गंजलेत, एखादा तुटायचा आत. कुठे गंजलेत? बरोबर आहे, चकचकीत आहेत, मीच तेल दिलं होतं दिवाळीआधी. कोणाला उघडू देत नाही मी ह्या दोन गिटारी. दादरच्या दुकानात पण जाऊ दिली नाही नॉर्मनला कधी, म्हटलं तिथली पोरं वाट लावतील.

बस. बस आणि मला बोलू दे, मध्ये विचारलंस काही तर मी परत स्प्रिंगांवर जाईन, मला माझी सवय माहीत आहे. चौऱ्याऐंशी साल. गल्फमधल्या एका हॉटेलात बँड जाणार होता, त्यांना गिटारवाला हवा होता एक, आणि आम्ही होतो दोघं. गिरणी बंद होऊन दोन वर्षं झालेली, बाबा गावी जाऊन बसलेला, आई — जाईबाई, तुला पुसटशी आठवत असेल — इथे ह्याच पलंगावर बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. मला जायचं होतं गो इथून. ह्या खोलीतून, ह्या भोईवाड्यातून, कुठेही. माटुंग्याला ऑडिशन ठेवलेली, नॉर्मनने आदल्या दिवशी गिटार माझ्याकडे टाकली. सेट करून ठेव, तुझा हात लागला की मला धीर येतो, म्हणाला. आणि माझा नेक पिळवटला होता त्या पावसाळ्यात. बाक आला तर चालतं, आत सळई असते, ती आवळली की सरळ होतो. पीळ आला तर काही करता येत नाही, पाट फुगून तिरका झाला की होतो का परत सपाट? तसं. खाली बरा वाजतो, वर गेलं की एक तार घरघरते, दुसरी चढते. चार स्क्रू त्याचे, चार माझे, त्याचा नेक माझ्या गिटारीला, माझा त्याच्या. वीस मिनिटं लागली. उद्यापुरतं, म्हटलं, उद्या संध्याकाळी परत जागच्या जागी. हे मी खरंच म्हटलं होतं, आता तुझ्यासमोर बनवत नाहीये.

नॉर्मन माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. थोडा नाही, पुष्कळ. माटुंग्याच्या त्या हॉलमध्ये तो सुरू झाला आणि पहिलं कडवं ऐकून त्यांच्यातला एकजण हातातला चहा ठेवून उभा राहिला. मग तो वर गेला, सोलोला. आणि सूर चढला. त्याने दांडी धरली, सावरली, परत वर गेला, परत चढला. त्याने गिटारीकडे असं बघितलं — मी समोर होतो — आणि थांबला. हसला. सॉरी म्हणाला त्यांना. बाहेर येऊन मला म्हणाला, काय झालं रे शिवा, ट्रेमोलो धरत नाही का? आणि मी म्हणालो, हो, ट्रेमोलोच आहे. मग आत गेलो आणि त्याच्या नेकवर वाजवलं. मला घेतलं त्यांनी.

गेलो का? नाही गेलो. आठवड्यात आईला अर्धांग झाला, ही डावी बाजू गेली. एकोणीस वर्षं होती ती ह्या पलंगावर. आणि तुझी आई येऊन बसायची, लग्न व्हायचं होतं त्यांचं तेव्हा, जेन यायची, तुमच्याकडची पेज घेऊन, माझ्या आईला चमच्याने भरवायची, आणि मी इथे टेबलावर मान खाली घालून दुसऱ्याच्या गिटारी दुरुस्त करायचो. नॉर्मन त्या दिवशी घरी गेला तो गिटार पलंगाखाली टाकून ऑफिसला लागला. फोर्टला, कारकून. म्हणायचा, आपल्या हातातच नव्हतं रे ते, बरं झालं वेळेवर कळलं.

परत का नाही बदलला? सांगतो. आठ वर्षांनी काढली त्याने ती गिटार, तू व्हायच्या जरा आधी, आणली माझ्याकडे. तोपर्यंत मी रोज वाजवून ह्या नेकच्या फ्रेटना, ह्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, खाचा पाडलेल्या. माझ्या बोटांच्या, मी जिथे दाबतो तिथे. आठ वर्षं पलंगाखाली पडलेल्या गिटारीला खाचा कशा? पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं त्याने. मग मी त्याच्या गिटारीतल्या त्या पिळलेल्या नेकखाली पुठ्ठ्याची पट्टी घातली, फ्रेट एका बाजूने घासले, तारा उंच केल्या, चालेल एवढं केलं. दर दोन वर्षांनी तेच. त्याला वाटतं शिवा किती काळजी घेतो, एक पैसा घेत नाही. आणि गिऱ्हाईकं पाठवत राहिला माझ्याकडे, सगळी वाडी, गिरगावपासून माहीमपर्यंत — शिवाकडे जा, तो फसवत नाही. अशी चाळीस वर्षं. मी दुकान दुसरीकडे न्यावं म्हटलं, तर तोच येऊन बोर्ड रंगवून गेला. सांग मला, कुठे जाऊ मी? शिव्या देणारा असता तर कधीच सुटलो असतो.

लाज वाटते. सरळ सांगतो, लाज वाटते, आणि आता बोललो तर जरा हलकं पण वाटतंय. एवढं बोललोच आहे तर चल, टॅक्सी करू, आत्ता घरी असेल ना तो? त्याच्यासमोर उघडतो दोन्ही. मारू दे मला. लग्नाला आठ दिवस आहेत, नेक बदलतो, नवीन फ्रेट टाकतो, त्याचं त्याला — काय म्हणालीस?

नको? नको म्हणजे?

नाही, ऐकतोय. ऐकतोय मी. बायपासनंतर तो कोणाकडे जात नाही हे मला माहीत आहे, येतो तो माझ्याकडेच. पण म्हणूनच — बरं, बोल तू... टोस्ट? मी? लग्नाचा टोस्ट तर तुमच्यातलं कोणीतरी मोठं माणूस देतं ना, काका, मामा? यादीत नाव लिहून झालं? त्याने स्वतः लिहिलं? हॉलभर पाहुण्यांसमोर मी ग्लास घेऊन उभा राहू आणि नॉर्मनबद्दल बोलू — काय बोलू गो मी?

म्हणजे नेक बदलायचा, सहीचा फोटो काढून तुला द्यायचा, आणि त्याला सांगायचं ट्रेमोलो दुरुस्त झाला. तुझा फोटो होईल, त्याचं गाणं होईल. गाणं झाल्यावर तो माईकवर माझंच नाव घेणार, तू ओळखतेस त्याला. आणि मी टाळ्या घ्यायच्या. ते सगळं पप्पासाठी, समजलं. आता तुला पण माहीत आहे, म्हणजे तू समोर दिसलीस की ते पण आठवणार. मी तुला सांगायलाच नको होतं.

रडू नको. तू काही वाईट मागत नाहीस. मुलगी आहेस त्याची, त्याच्यासाठी मागतेस.

ठीक आहे. ट्रेमोलोच होता. शुक्रवारी ये आणि घेऊन जा. नाही, थांबू नको, नेक काढताना समोर कोणी बसलेलं मला चालत नाही. जा तू, जेन वाट बघत असेल.