देवरामचा राक्षस

मंडळी, ऐका! आज जे सांगतोय त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! माझी बायकोसुद्धा ठेवत नाही. पण आधी सांगा — माणसाला स्वतःचा चेहरा कधी दिसतो? कोण म्हणालं, आरशात? अहो, आरशापुढे आपण तोंड सारखं करूनच उभे राहतो!

तर जव्हारच्या डोंगरात एक गाव. नाव नाही सांगत! तिथं दरसाल बोहाडा. मुखवटे लावून देव नाचतात, राक्षस नाचतात, आणि कुठलं सोंग कुणाच्या घराचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. राक्षस भोयांच्या घराचा! बाप गेला, तसे दोघे भाऊ भांडले — राक्षस कोणी नाचायचा? थोरल्या देवरामनं मान घेतला, धाकट्या मंगळूनं बोलणं टाकलं. समोरासमोर दारं! दोघांचे केस पिकले, दात गेले — अबोला मात्र धडधाकट!

एका वर्षी मुखवटा वाळवीनं खाल्ला. देवराम म्हणाला, "नवा मीच घडवतो."

बायको जानकी म्हणाली, "अहो, ताटातली भाकरी दिसत नाही, राक्षस कसला घडवताय?"

"हातांना दिसतं!" मनात म्हाताऱ्याच्या वेगळंच. राक्षसाला मंगळ्याचं तोंड देतो, सगळा गाव हसला पाहिजे!

बसला माती घेऊन. पण नाक केवढं? भुवई कुठं चढते? नजर अधू — मग काय, डावा हात स्वतःच्या तोंडावर, उजवा मातीवर! मंगळू आठवला की कपाळाला आठी पडायची. ती चाचपायची, मातीत उतरवायची. वरून, पुन्हा वाळवी लागू नये म्हणून मेथी घातलेला, कागदाचा लगदा थापला, उन्हात वाळवला, रंगवला.

जानकी पदर तोंडाला लावून हसायलाच लागली!

"मंगळ्याच ना?"

"छे हो! तुम्ही! भावजींचं नाव काढलं की अस्सेच दिसता!"

देवरामनं मुखवट्यावर बोटं फिरवली, मग स्वतःच्या तोंडावर. तीच आठी. तेच आवळलेले ओठ. इतकी वर्षं रोज सकाळी दार उघडलं की मंगळ्याला हे दिसलं?

हसताय, मंडळी? उद्या सकाळी तुमचं दार उघडल्यावर समोरच्याला काय दिसणार आहे, तेवढं आज चाचपून बघा.

बोहाडा आला. राक्षस नाचत निघाला आणि मंगळूच्या दाराशी थांबला. संबळ वाजतोय, राक्षस हलेना! मुखवट्याच्या आतून आवाज आला, "मंगळ्या, पुढच्या साली तू नाच." आणि — इथंच तुमचा विश्वास बसायचा नाही — मुखवटा रडला! कागदाचा मुखवटा! असा रडला, असा रडला, की रस्त्यात चिखल झाला, भरली बैलगाडी रुतली!

— कोण उठलं मागं? बोला, आजोबा, बोला!

"साफ खोटं, बुवा! कागद कुठं रडतो? आत दादा होता, तो रडत होता. विचारा की — हा काय, माझ्या शेजारीच बसलाय!"