ओल्या दारापुढचा झाडू

...नाही, तुम्हीच सांगा, ओल्या दाराला कुणी हात लावतं का? तुम्हाला सांगतो, अख्खं मर्गिलान शहर रेशीम विणतं, एकेक धागा ओळखतं, पण "दार ओलं आहे" हे तीन शब्द इथं एकाच्याही डोक्यात शिरत नाहीत!

तुतीच्या लाकडाचं नवं कोरं दार, रस्त्याकडचं. माझ्या झुमरदला मागणी घालायला खाटीकआळीतली माणसं येणार, पोरीचा त्या मुलावर जीव जडलेला, आणि आमची खोसियत म्हणते, "असलं पांढरंफटक दार बघून ते परत गेले ना, तर पोरगी विहिरीत उडी घेईल आणि मी तुम्हाला तिच्यामागे ढकलीन." बायको आहे माझी, ढकलेल हो! म्हणून घासलं दार. पॉलिश पेपरनं बोटांची सालटी निघाली. अक्रोडाच्या साली उकळून रंग दिला, तो वाळला, मग जवसाच्या तेलाचा हात, पुसा, वाळू द्या, परत हात... शेवटचा हात दिला आणि पाटी लावली, "दार ओलं आहे."

शेजारचा तुर्सुन आला. पाटी वाचली, मोठ्यानं वाचली, आणि म्हणतो, "खरंच ओलं आहे का, एर्गाशआका?" आणि ठेवला की पंजा! पाची बोटं! मी काय करणार, तेलाचं फडकं त्याच्या तोंडात कोंबलं. "कसं लागतंय? ओलं आहे ना?" त्यानं मला लाथ घातली, मी रंगाचा रिकामा डबा त्याच्या टाळक्यात घातला, तो बोंबलत घरी गेला. पंजा पुसला, पुन्हा तेलाचा हात दिला. म्हणजे दार पुन्हा ओलं.

आत पाणी प्यायला वळतो तोच मागून... खस्स, खस्स. बघतो तर दारापुढं एक रेड्याएवढा माणूस पाठ करून झाडतोय! धूळ उठली ती सरळ दारावर. आता मागणी घालायला आलेल्यांनी मुलीच्या दारापुढं झाडायचं, ही आमची रीत. पण ती रीत माझ्या आजीबरोबरच गेली असं मी धरून चाललेलो, आणि माणसं तर रविवारी यायची होती ना! दार ओलं होतं हो. माझं डोकंच फिरलं. झाडू हिसकला आणि त्याच्या पाठीवर मोडला.

तो वळला. शेरनझर खाटीक, मुलाचा सख्खा काका. म्हणाला, "आम्ही मागणी घालायला आलोय." मी म्हटलं, "दार ओलं आहे." तो म्हणाला, "असं का?" आणि मानगूट धरून माझं थोबाड दारावर आपटलं. नाक मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी त्याच्या तोंडावर डोकं हाणलं, तो माझ्या कानाला चावला, मी त्याच्या गुडघ्यात डबा घातला, तेवढ्यात खोसियत लाटणं घेऊन आली आणि दोघांनाही बडवायला लागली. मला जरा जास्तच.

मग झुमरद बाहेर आली. रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "बाबा, दार पुन्हा रंगवता येईल. ही माणसं उठून गेली तर परत यायची नाहीत. आणि मी दुसरीकडे कुठंही जाणार नाही."

पुढं झालो हो मी. कान पकडला, न चावलेला. म्हटलं, "चुकलो शेरनझर, पण माझ्या पोरीला नाही म्हणू नका." त्यानं एक दात थुंकला आणि म्हणाला, "दारासाठी एवढा मारतो, तर पोरीसाठी काय करेल? बरंय, आमच्या पुतण्याला धाक राहील." आत नेलं त्याला, रीतीप्रमाणं नानची रोटी मोडली, लग्न पक्कं! त्याला चावता येईना, मला वास येईना.

आणि दार? वाळलं धुळीसकट. मधोमध माझं थोबाड, वाकडं नाक, मिशी, सगळं. घासून जात नाही. येणारेजाणारे छातीवर हात ठेवून आधी त्याला सलाम करतात, मी शेजारी उभा असलो तरी. परवा पोरगी सासरी निघाली. मी हात पसरून उभा, आणि ती दाराला मिठी मारून ढसाढसा रडतेय! म्हटलं, "अगं, मी इकडे आहे." तर म्हणते, "बाबा, तुम्ही याल हो भेटायला. हे कसं येणार?"

बोला आता.