ताईचं थबकणारं पाऊल

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. भाऊजी, ताईच्या गावाहून आलेली मंडळी, आणि माझ्या मुलींनो. माझ्या म्हणाले. खरं तर ताईच्या मुलींनो.

मला बोलायची सवय नाही. मी नाचणारी बाई. माइकसमोर आलं की हातांचं काय करायचं, कळत नाही. त्यात हा हॉल. नेरुळच्या याच समाजमंदिरात आपण इतकी वर्षं तालीम केली. आज इथे खुर्च्या मांडल्यात, ताईचा फोटो ठेवलाय, आणि मी मघापासून दाराकडे बघतेय. ती नेहमी उशिरा यायची ना, म्हणून.

सुनंदाताई गेली त्याला पंधरवडा झाला. झोपेतच गेली. गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथे सगळे तिच्याबद्दल बोलले, बहीण म्हणून, आई म्हणून, सून म्हणून. नाचणारी सुनंदा तिथे कोणाला फारशी माहीत नव्हती. ती आपल्याला माहीत. म्हणून आज इथे जमलोय.

आम्ही दोघी एकाच ग्रुपमध्ये लावणी करायचो. ती पुढे, मी मागे. उरणकडच्या एका कार्यक्रमात स्टेजची फळी खचली आणि तिचा डावा गुडघा गेला. तिने लावणी पूर्ण केली. शिट्ट्या पडल्या. विंगेत येताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून म्हणाली, "मीने, हसत राहा, लोक बघतायत."

गुडघा परत पहिल्यासारखा झाला नाही. काही वर्षं तिने तसंच रेटलं. मग नाच बसवायला घेतले. लोक म्हणाले, बरं झालं, सुनंदाची मॅडम झाली. बरं? सोपं असतं का हो ते? जिला सगळं थिएटर बघायचं, तिने आता अंधारात उभं राहून दुसऱ्यांना बघायचं. या हॉलमध्ये आम्ही तिच्यासाठी खुर्ची ठेवायचो. त्या खुर्चीवर तिची पर्स बसायची. ती कधी बसली नाही.

तिने बसवलेला पहिला नाच वाशीला होता. मी विंगेत गेले, तर हिच्या पायात घुंगरू.

"ताई, हे कशाला?"

"एखादीला चक्कर आली तर? कोणीतरी तयार नको?"

"सगळ्या धडधाकट आहेत गं."

"तू गप. मला ऑलरेडी टेन्शन आहे."

कोणालाही चक्कर आली नाही. टाळ्या झाल्या. ताई वाकून घुंगरू सोडायला लागली, गाठ सुटेना. मी सोडली.

ताई प्रत्येक गोष्ट स्वतः करून दाखवायची. गिरकी घेतली की डावं पाऊल टेकायच्या आधी क्षणभर हवेतच थांबायचं. दुखायचं म्हणून. मग ते अलगद टेकवायची, आणि भार सगळा उजव्या पायावर. आम्ही बघायचो आणि तसंच करायचो. आम्हाला वाटलं, ही ताईची अदा. प्रेक्षकांनाही तेच वाटलं. त्या थबकण्यावरून लोक ओळखायचे, हा नाच सुनंदाबाईंनी बसवलाय.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका तालमीत तिने एकदम गाणं बंद करायला लावलं. मला बाजूला घेतलं.

"मीने, या सगळ्या लंगडतायत."

"नाही गं ताई, ती तुझी स्टाइल आहे."

"स्टाइल कसली डोंबलाची? माझा गुडघा आहे तो." मग हळूच म्हणाली, "मी पोरींना दुखणं शिकवलं की काय गं?"

उजवा गुडघा भरून येतो, अशी तक्रार मुली करायला लागल्या होत्याच. ताईला ते पाऊल काढून टाकायचं होतं. पण काढणार कसं? करून दाखवायला गेली की तेच यायचं. मला म्हणाली, "तू दाखव." मी गिरकी घेतली. माझाही पाय हवेत थांबला. माझा गुडघा तर चांगला आहे. ताईने कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. काम तसंच राहिलं.

परवा आम्ही ती गेल्यानंतरची पहिली तालीम घेतली. भाऊजी रबाळ्याच्या कंपनीतून सुटले की बायकोला न्यायला इथे यायचे, स्कूटर लावून बाहेर थांबायचे. परवा तिचं सामान न्यायला आले, तरी बाहेरच थांबले. आत मुलींनी गिरकी घेतली. सगळ्यांची पावलं हवेत थांबली, आणि मग टेकली. त्यासरशी भाऊजींनी दार उघडलं. जिन्यावरून येणारं तिचं चालणं ते पावलाच्या याच थांबून टेकण्याच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "मला वाटलं..."



मी त्यांना सांगितलं, "भाऊजी, हे पाऊल मला काढावं लागणार. ताईलाच ते नको होतं."

ते म्हणाले, "काढल्यावर ती कुठं ऐकू येणार, मीना?"

आज सभा सुरू व्हायच्या आधी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "काढ. पोरींचे पाय आहेत ते."

भाऊजी, हे सोपं नाही. मी घरी ओट्यापाशी उभी असते, पोळ्या लाटत. मध्येच लक्षात येतं, भार सगळा उजव्या पायावर. मी सावरून उभी राहते. पोळी उलटेपर्यंत परत तसंच. ताई माझ्या पायात उभी आहे. भीती वाटते. आणि ती निघून जाईल, याची त्याहून जास्त वाटते.

म्हणून आज तिच्यासमोर सांगते. यापुढे मी नाचणार नाही. करून दाखवलं तर तेच शिकवीन. मी समोर उभी राहून तोंडाने सांगेन, आणि बघेन.

चला, आता सगळे उठू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. आणि मुलींनो, दोन्ही पायांवर उभ्या राहा. सारखा भार द्या.

माझ्याकडे बघू नका. मी तुमच्याकडे बघतेय.