रात्रीला मंगळ

पोस्टात रजिस्टरच्या रांगेत माझ्यापुढे दोन निवृत्त गृहस्थ उभे होते. एकाच्या हातात जाड पाकीट होतं.

"पुन्हा इंग्रजी कविता का, जयंतराव?"

"हो. दिल्लीच्या मासिकाला. नाईटच्या स्पेलिंगला शेवटी जादा ई लावलाय."

"तो कशाला?"

"साध्या नाईटच्या अक्षरांची बेरीज नऊ येते, म्हणजे मंगळ. पंचवटीतले अंकशास्त्रवाले गुरुजी म्हणाले, रात्रीला कडक मंगळ आहे. म्हणून तर माझ्या कविता परत येत होत्या. ई लावला की पाच, म्हणजे बुध."

"आणि मून?"

"चंद्र निर्दोष निघाला."

"डीटीपीवाला काही म्हणत नाही?"

"तो सारखा ई खोडायचा. आता मी शेजारी बसून असतो."

"अहो, संपादक हसतील."

"हसतील कशाला? मागची छापली की. वर पत्रात लिहिलं, जुन्या इंग्रज कवींची अशी स्पेलिंगं आज कोण जपतं?"

"त्यांना गुरुजींचं सांगितलंत?"

"सांगितलं ना. आता इथल्या एका कॉलेजात, इंग्रजी विभागात, त्यावर व्याख्यान आहे."

"वा. काय बोलणार आहात?"

"बोलणार गुरुजी. माझ्याकडे आभारप्रदर्शन आहे."