अर्बाबची रायफल आणि माझं माहेरपण

...अहो नाही हो, रायफलच! मिक्सर बिघडला म्हणून एवढं कोण बोंबलतं? तुम्हाला सांगते, चार शुक्रवार... चार! इथं आखातात आठवड्याची एकुलती एक सुट्टी, लोक समुद्रावर जातात, मवालेहच्या बाजारातून भाजी आणतात, आणि आम्ही? दार्सैतहून निघायचं ते थेट सीबच्या पलीकडे, अर्बाबच्या खजुराच्या मळ्यात, एका म्हाताऱ्या रायफलीची सेवा करायला!

अर्बाब म्हणजे आमच्या ह्यांचे मालक. आणि हे म्हणजे दयानंद, त्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. मालक देवमाणूस, पण वडिलांची जुनी रायफल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सेमी-ऑटोमॅटिक आहे म्हणे, म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर यायची. गोळ्या ज्या डबीत भरतात ती मॅगझिन. वडिलांच्या वेळची ओरिजिनल एकच उरलीय, ती मखमलीच्या पेटीत, वापरायची नाही, आठवण आहे! म्हणून ऑनलाइन मागवल्या तीन, भलत्याच कंपनीच्या. आणि त्या अडकतात! ठो... आणि लगेच खट्! गोळी अर्ध्यात तिरकी, गोळी आत ढकलणारा बोल्ट तिच्यावर दात रोवून बसलेला, खलास! गंमत म्हणजे पहिल्या एक-दोन अशा रुसल्या की पुढच्या सगळ्या सुरळीत.

मग आमच्या ह्यांनी गप्प बसावं की नाही? छे! छाती पुढे काढून, "अर्बाब, मैं देखता है! मैं ऑर्डनन्स फॅक्टरी में ॲप्रेंटिस था!" होते हो, खोटं नाही. पण तिथं वर्षभर काय केलं? कपाटांच्या बिजागऱ्या!

तुम्ही म्हणाल, संध्याताई, यात तुमचं काय अडलं? अहो, रजेचा अर्ज अडला! धाकट्या भावाचं लग्न, अकोल्याला. दहा दिवस मागितलेत. आठ जातील लग्नाच्या धामधुमीत, आणि शेवटचे दोन... ते नुसते आईपाशी लोळायचे. तीन वर्षं झाली हो तिच्या हातची भाकरी खाऊन! आणि अर्बाब म्हणतात, "दयानंद, अव्वल बंदूक, बाद में छुट्टी. क्लब में कॉम्पिटिशन है. इन्शाल्ला." आता हा इन्शाल्ला उद्याचा की पुढच्या वर्षीचा, हे कुणी सांगावं?

पहिल्या शुक्रवारी ह्यांना शोध लागला की मॅगझिनचे ओठ फाकलेत. हो, मॅगझिनला ओठ असतात, वरच्या कडा, त्या गोळीला धरून ठेवतात. मग पकडीनं ओठ दाबले. खट्! दुसऱ्या शुक्रवारी स्प्रिंग बदलली. खट्! तिसऱ्या शुक्रवारी आतून पॉलिश, माझी भांडी घासायची पावडर नेली हो मला न विचारता. खट्! आणि दर वेळी घाम पुसत काय म्हणायचं? "ओरिजिनल ते ओरिजिनल, संध्या!" अहो, मग डुप्लिकेट कुकरची रिंग घेताना कुठं जातं हे ज्ञान?

आणि मी? मी आत, बायकांच्या बैठकीत, अर्बाबच्या अम्मांजवळ. खजूर, हलवा आणि कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी. अम्मांनी चाळीस वर्षं हिंदी सिनेमे बघितलेत, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. पण कावा ओततात किती? घोटभर! एवढा मोठा मळा, आणि कप पाव भरायला जीव जातो? आपल्याकडे कसं, चहा बशीत सांडला पाहिजे! चौथ्या शुक्रवारी राहवलं नाही, विचारलंच. अम्मा खदखदा हसल्या. "बेटी, पूरा भरा कप मतलब, पियो और जाओ. मेहमान को थोड़ा देने का, बार-बार देने का."

तेवढ्यात बाहेर... खट्! आणि ह्यांचा आवाज, "ओरिजिनल ते ओरिजिनल!"

अम्मांनी कपाळाला हात लावला. "मेरा लड़का पागल है. इसका बाप दस की जगह में आठ भरता था. पूरा भरने से वो पेटीवाला भी अटकता था!"

पेटीवाला, म्हणजे ती मखमलीतली ओरिजिनलसुद्धा! मी तशीच चपला न घालता धावले, वाळू ही तापलेली. "अहो, आठ भरा! आठच!"

"तू आत जा. हे टेक्निकल आहे."

"अम्मा म्हणाल्या!"

तिथं मात्र अर्बाब ताडकन उठले. आईचा शब्द! "यल्ला, दयानंद, आठ!" भरल्या आठ. आणि तुम्हाला सांगते, ठो, ठो, ठो... आठच्या आठ, एक अडकली असेल तर शपथ! अर्बाबचे डोळे भरून आले हो. रायफलीवर हात ठेवून नुसतं "बाबा" म्हणाले. आमचे हे मात्र शांतपणे, "मी तेच म्हणणार होतो."

अर्बाब एवढे खूश की तिथल्या तिथे पेन काढलं. अर्ज तर मी चारही शुक्रवार पर्समध्ये घेऊन फिरत होते! उघडला, वाचला, हसले, दहाच्या आकड्यावर काट मारली आणि सही केली. "दयानंद, छुट्टी आठ दिन. पूरा भरने का नहीं... अटकता है."

आणि ह्यांनी मान डोलावली हो! "बराबर है, अर्बाब!"

लग्न मिळालं. गेले ते नेमके आईपाशी लोळायचे दोन दिवस. आणि भांडू कुणाशी? अनवाणी धावत जाऊन "आठच! आठच!" म्हणून ओरडले कोण... मीच ना?