मेहुणा गेला, तरी बॅटरी उतरलीच

मंडळी, एक विचारतो. घरात काही बिघडलं, की तुमचं बोट पहिलं कुणाकडे जातं? — नाही, नाही, शेजारच्याकडे बघू नका! स्वतःचं सांगा!

ऐका तर. रंगनाथ नावाचा एक फुलवाला. त्याची पिकअप गाडी. संध्याकाळी ठणठणीत उभी करायची आणि पहाटे चावी फिरवली की — टिक! बस, नुसतं टिक! मग सगळी आळी धक्का मारायला. लोकांनी अंगाला साबण असताना धक्के मारलेत हो!

आता घरात मेहुणा राहायला. सुदाम. बायकोचा धाकटा भाऊ, काम शोधायला आलेला. संध्याकाळी गाडीत बसून गाणी ऐकायचा. झालं! रंगनाथ कडाडला, "तूच बॅटरी संपवतोस!"

"दाजी, गाणी माझ्या मोबाइलवर असतात. चावी तुमच्या खिशात असते!"

पण ऐकतोय कोण? सुदाम पिशवी उचलून गावी निघून गेला. बायकोनं, कौसल्येनं, नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवण मिळायचं — पण ताट असं आदळायची, की आमटी थेट सदऱ्यावर!

दुसऱ्या पहाटे चावी फिरवली. टिक!

मंडळी, आता तरी कळावं की नाही? पण रंगनाथ काय म्हणाला? "जाताना काहीतरी करून गेला!"

शेवटी आळी वैतागली. "वायरमनला दाखव, नाहीतर बैल जुंप!"

अल्ताफभाई वायरमननं चावी काढली, बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये बल्ब जोडला. गाडी बंद — आणि बल्ब पेटलेला! "कुणीतरी गुपचूप खातंय." मग एकेक फ्यूज काढायचा, बल्बकडे बघायचं. हॉर्नचा काढला — पेटलेलाच. दिव्यांचा काढला — पेटलेलाच! पुढचा काढला — विझला!

अल्ताफभाई त्या वायरीमागे गेला आणि थबकला. "दादा, पुढचं तुम्ही बघा. देवाचं आहे."

डॅशबोर्डवर दत्तगुरू! मागे फिरते दिवे, खाली सतत नामाचा गजर करणारा डबा. रंगनाथनं स्वतःच्या हातानं जोडलेला, चावी काढली तरी चालू राहील असा! चार दिवसांत कान किटले, पण देवाचं नाव बंद कसं करायचं? कोप झाला तर? म्हणून आवाज शून्यावर आणला आणि दिव्यांवर स्वतःची टोपी घातली! बाहेर सामसूम — आत रात्रभर गजर! हसा, हसा!

रंगनाथ शरमला. तडक सुदामच्या गावी गेला. "चुकलो रे. घरी चल. तुझी ताई वाट बघतेय."

सुदामनं एकच विचारलं, "दाजी, मी गेलो त्याच्या दुसऱ्या पहाटे गाडी चालू झाली होती का?"

"नाही."

"मग त्याच दिवशी का नाही आलात?"

रंगनाथनं वाकून त्याची पिशवी उचलली. सुदाम आला बरं का — ताईसाठी आला. पण पुढं दाजींशेजारी बसला नाही. मागे, फुलांच्या रिकाम्या पाट्यांत बसून आला.

मंडळी, त्या पहाटेसारखी खूण तुम्हालाही मिळालेली आहे. माणूस निर्दोष आहे हे कळलंय, फक्त जायचं राहिलंय! आता आरतीला उभं राहायचंय. पण ज्याला आत्ता कुणाची आठवण झाली, त्यानं आधी बाहेर जाऊन फोन लावावा. जा! देव थांबेल. आम्हीही टाळ धरून थांबतो.