टॅरागॉनचं मूळ

डोळ्यांत थेंब घालून नर्सने पोस्टमनला डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारी सासू-सून येऊन बसल्या. त्यांच्या दारी त्याची रोजची फेरी, आवाज लगेच ओळखले.

"आई, रागावणार नसाल तर सांगते. परसातला टॅरागॉन, तो विलायती सुवासिक पाला, तुम्ही लावलेला नाही."

"बरं."

"तुम्ही ताईंकडे होतात त्या थंडीत तुमचा पार वाळला. मेला समजून मी उपटून टाकला."

"थंडीत वरून वाळतोच तो. मूळ जिवंत असतं."

"ते मला मागाहून कळलं. मग मी बी आणून पेरलं. दोन वर्षं तुम्ही त्याचेच शेंडे खुडताय."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"अगं, खरा मुळापासूनच लावतात, बियाचा येतो तो दुसराच. खऱ्याचं पान चावलं की जीभ जराशी बधिर होते, बडीशेपेसारखा वास येतो. तुझ्याला नुसता गवताचा वास."

"तरी व्हिनेगरमध्ये घालून बाटल्या भरल्यात?"

"रोज पाणी घालायचीस, मला तुझं मन मोडवेना."

"आणि तुमचा तो गेलाच ना."

"कुठला जातोय. तू खताच्या खड्ड्यात टाकला होतास. परत आल्या दिवशीच मी मूळ उचललं. मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंकडे वाफा भरलाय आता. तू कधी सांगतेस याचीच वाट बघत होते."

"तुमचे गुडघे हे असे. तिथवर नेलं कोणी?"

"पोस्टमनकाकांनी. विचार की, शेजारीच बसलेत."

पोस्टमनने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.